चुन्याच्या रेघेवर बसलेले साडभाऊ

पाणी कुठून कुठे जाईल, एवढी एकच गोष्ट या जगात समजून घेण्यासारखी आहे, अशी पक्की समजूत असलेले एकमेव गृहस्थ माझ्या नात्यात आहेत. ते माझे मोठे साडभाऊ, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नेरजवळच्या एका गावात त्यांची कापूस-तुरीची शेती आहे. लग्नाच्या पंगतीत बसले की ग्लासातलं उरलेलं पाणी ते हळूच जमिनीवर सोडतात आणि ते कोणाच्या पानाकडे सरकतं हे पाहत बसतात. लोहाऱ्याला मी घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीच्या दिवशी त्यांनी पुढच्या खोलीत तांब्याभर पाणी ओतलं आणि सगळ्या पाहुण्यांसमोर जाहीर केलं, "सर, तुमचा उतार देवघरात जाते." उतार खरंच देवघरात जात होता, मिस्त्रीला पुन्हा बोलवावं लागलं. शेततळं, ठिबक, बांधबंदिस्ती, फळबाग, साऱ्या सरकारी योजना त्यांना तोंडपाठ. गावातल्या अर्ध्या लोकांचे अर्ज त्यांनी भरून दिले आणि प्रत्येक अर्जाला, कोणी मागो न मागो, हाताने काढलेला नाल्याचा नकाशा जोडला. मुलीच्या जातीच्या दाखल्यालाही त्यांनी नाला जोडला होता, असं तालुक्यातल्या एका बाबूने मला हात जोडून सांगितलं. त्यांचा स्वतःचा शेततळ्याचा अर्ज मात्र ऑनलाइन सोडतीत कधीच निघाला नाही. त्याचं त्यांना दुःख नव्हतं. आपल्या वावरात तळ्याला योग्य जागाच नाही आणि हे कम्प्युटरला बरोबर समजतं, असं ते म्हणायचे.

अशा माणसाला हसणं सोपं असतं. मीही हसत आलो होतो, ते दोन वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्यापर्यंत.

त्यांच्या गावच्या नाल्यावर सिमेंटचा बंधारा मंजूर झाला होता. कित्येक वर्षं मागणी केल्यावर निधी आला होता, आणि मार्च संपायच्या आत काम सुरू झालं नाही तर तो परत जाणार होता. चार दिवस उरले होते. जेसीबी आला, इंजिनिअर मॅडमनी नकाशाप्रमाणे चुन्याची रेघ मारून घेतली, आणि त्या रेघेवर साडभाऊ मांडी घालून बसले. सरपंचबाईंचा मला शाळेत फोन आला. दुपारपर्यंत ते उठले नाहीत तर पोलिसांना बोलवावं लागेल, एवढंच त्या म्हणाल्या. मी अर्धी रजा टाकून नेरची बस धरली.

पोचलो तेव्हा अख्खं गाव नाल्यात उभं होतं. जेसीबीचं बकेट साडभाऊंपासून दहा हातांवर टेकलेलं. त्यांच्या समोर तांड्यावरचा एक शेतकरी मुठी आवळून उभा होता. त्याचं वावर नाल्याच्या डाव्या काठाला, त्यामुळे बंधारा झाला की सगळ्यात आधी त्याच्याच विहिरीला पाणी येणार होतं. ताई, म्हणजे साडभाऊंच्या पत्नी, दूर काठावर पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

साडभाऊंचं म्हणणं असं की डावा काठ वरून टणक दिसतो, पण खाली जुन्या पात्राची रेती आहे. पाणी अडलं की ते बंधाऱ्याला वळसा घालेल आणि त्या तांड्यावरच्या शेतकऱ्याचं वावर कापत जाईल. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मंजूर जागा बदलण्याचा अधिकार त्यांना नाही. मी साडभाऊंजवळ उकिडवा बसलो. घरी चला म्हणालो, गाव तुम्हाला कधी माफ करणार नाही हेही म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते मॅडमना म्हणाले, "काठावर एक खड्डा खना. तळाले मुरूम लागला त मी उठतो, गावाची माफी मांगतो, अन् पुन्हा कोनत्याच कागदाले हात लावत नाही."

मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि जेसीबी काठावर नेला. तीन फुटांवर मुरूम लागला. पिवळा, कडक, बकेटचे दात करकरले. गर्दीत हसू फुटलं, कोणीतरी शिटी मारली. साडभाऊंचे ओठ पांढरे पडले होते. ठरल्याप्रमाणे ते हात टेकून अर्धे उठलेही. मग म्हणाले, आणखी दोन हात खणा. पण आवाज इतका बारीक, की ते मलाच मोठ्याने सांगावं लागलं.

"झालं ना आता?" तांड्यावरचा तो शेतकरी म्हणाला. "कायले अडवून राह्यला गावाले?"

मॅडमनी ड्रायव्हरला खाली बोट दाखवलं. दुसरं बकेट मुरमाचं निघालं. तिसरंही. चौथ्या वेळी दातांचा आवाज आलाच नाही. बकेट वर आलं ते रेतीने भरलेलं, आणि खड्ड्याच्या बाजू आपोआप आत ढासळू लागल्या.

कोणी टाळी वाजवली नाही. त्या रेतीचा अर्थ सगळ्यांना एकदमच कळला होता. इथे बंधारा होणार नव्हता आणि दुसऱ्या जागेच्या मंजुरीला चार दिवस पुरणार नव्हते. तांड्यावरच्या शेतकऱ्याने उपसलेल्या ढिगातली मूठभर रेती उचलली आणि आपल्या वावराकडे पाहिलं. मग साडभाऊंना नाही, मॅडमना म्हणाला, "वरच्या अंगाले पक्का काठ आहे. माझा कोपरा जाते त्याच्यात. जाऊ द्या. संमती लिहून घ्या."

मॅडमनी धावपळ केली, पण निधी परत गेला. त्या वर्षी गावाने साडभाऊंशी बोलणं तोडलं नाही, कमी केलं. ते चावडीवर आले की गप्पा थांबायच्या. अर्ज भरून घ्यायला कोणी येईना. नळावर ताईंना जे ऐकावं लागलं ते त्यांनी आजवर माझ्या बायकोलाही पुरतं सांगितलेलं नाही. पुढच्या वर्षी त्या संमतीपत्रासह प्रस्ताव पुन्हा गेला, मंजूर झाला, आणि बंधारा वरच्या जागी उभा राहिला. यंदा संक्रांत उलटली तरी त्यात पाणी होतं.

तेव्हाच एका सकाळी आम्ही दोघं तिथे बसलो होतो. खाली रेती आहे हे तुम्हाला कसं ठाऊक होतं, असं मी त्यांना पहिल्यांदाच विचारलं. लहानपणी वडिलांनी सांगितलं होतं, ते म्हणाले; आणि वडिलांनी तरी कोणाकडून ऐकलं होतं, देव जाणे. म्हणजे खात्री नव्हती? त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"मुरूम लागला तवा वाटलं, आपल्यापायी गावाचं पानी गेलं," ते म्हणाले. "ते भेव अजून गेलं नाही, सर. रोज सकाळी येऊन पाह्यतो, पानी हाये का म्हनून."