दहावी टोपी

होडीत किती वजन आहे, हे आ-कुकला डोळे मिटूनही सांगता यायचं. वल्ह्याच्या दांड्यातून ते थेट तिच्या तळहातात उतरायचं. जन्म होडीत, लग्न होडीत, पाच बाळंतपणंही होडीतच; होडीवाल्यांना जमिनीवर घर बांधायची मुभाच नव्हती. पाचांतलं एक मूल नदीने नेलं. त्या दिवसापासून उरलेल्या चौघांच्या पाठीला तिने वाळका भोपळा बांधला, म्हणजे पडलं तर तरंगेल, आणि दिवसातून दहा वेळा त्यांना मोजू लागली. पोरं वाढली, भोपळे सुटले, मोजणं काही सुटलं नाही. थोरली आ-लिन सतरा वर्षांची. होडीच्या तोंडाशी बसून वल्हं मारायची, तरी आई मान उंच करून बघायचीच.

“आई, मी इथेच आहे गं!”

“मग बोलत राहा. गप्प बसलीस की मला पुन्हा मोजावं लागतं.”

त्या होडीची सगळी ऐट वेताच्या टपाला टांगलेल्या एका लाकडी फळीत होती. परदेशी माणसं नेण्याचा तो परवाना. बादशहाने अख्खा किनारा बंद करून परदेशी व्यापाऱ्यांसाठी कॅंटन बंदराचं एकच दार ठेवलं होतं, आणि तेही किलकिलं. चहा-रेशीम घ्यायचं ते नेमलेल्या सावकारांकडूनच. राहायचं ते नदीकाठच्या वखारींत. बायका आणायच्या नाहीत, पालखीत बसायचं नाही, इथली भाषा शिकायची नाही, आणि हंगाम संपला की मुक्काम हलवायचा. महिन्यातून तीन दिवस, आठ, अठरा नि अठ्ठाविसाला, पलीकडच्या फुलबागांत हिंडून यायची तेवढी सवलत. जायचं दहाजणांनी, सोबत दुभाषी घेऊन. सूर्य बुडायच्या आत दहाच्या दहा नाक्यावर हजर. एक डोकं कमी भरलं तर दुभाष्याची नोकरी जाणार आणि होडीची फळी उतरणार.

आणि ती फळी उन्हाळ्यात आ-लिनच्या लग्नात द्यायची ठरली होती. व्याही मुलगी पाहायला आले तेव्हा त्यांनी आधी फळी वाचली, मग मुलीकडे पाहिलं. फळी गेली की सोयरीक गेली, हे आ-कुकला कोणी सांगायला नको होतं.

वर्षअखेरीची अठ्ठावीस तारीख. नव्या वर्षासाठी बागा बारक्या संत्र्यांच्या झाडांनी लगडल्या होत्या. दहाही पाहुण्यांनी कुंड्या घेतल्या आणि होडीची पार बाग होऊन गेली. माक दुभाषी काठावर उभा राहून मोजत होता. बारा वर्षं त्या लोकांत काढूनही त्याला सगळी नाकं सारखी आणि सगळ्या दाढ्या एकच वाटायच्या. म्हणून तो टोप्या मोजायचा.

“...आठ, नऊ, दहा. चला वहिनी, हाका होडी!”

आ-कुकने तीन वल्ही मारली आणि थांबली.

“दुभाषीसाहेब, होडी हलकी लागतेय.”

“दिवसभर पायपीट केलीय बिचाऱ्यांनी. उतरलं असेल वजन.”

“एका दुपारी अख्खा माणूस उतरला? कुंड्यांचं वजन मी धरलंय बरं का.”

“वहिनी, मी सरकारी परीक्षेला बसलेला माणूस आहे. मला दहापर्यंत येतं.”

“बसलात खरे,” आ-लिन पुढून म्हणाली, “पण पास होऊन उठलात कधी ते सांगा!”

आ-कुक वल्हं टाकून उठली. कुंड्यांच्या दाटीत, मागच्या कोपऱ्यात दहावी टोपी दिसत होती. तिने ती उचलली. खाली डोकं नव्हतं. पिवळ्याधमक संत्र्यांनी भरलेलं झाड होतं. वाऱ्याने फळं गळू नयेत म्हणून कोणीतरी त्याला आपली टोपी घातली होती.

माकच्या तोंडचं पाणी पळालं. “मेलो! वहिनी, मी मेलो!”

“मरायला वेळ नाही. फिरव गं होडी, आ-लिन.”

सूर्य दोन हात वर होता. आ-कुक अनवाणीच बागेतून धावली. जाई-मोगऱ्याच्या वाफ्यापलीकडे तो सापडला. तांबड्या केसांचा, विशीतला पोरगा म्हाताऱ्या माळ्यापुढे उकिडवा बसला होता. माळी रोप दाखवायचा, नाव सांगायचा. पोरगा तेच नाव घोळवून म्हणायचा आणि शाबासकी मिळवायचा.

“ये ये,” म्हातारा खुशीत म्हणाला. “मोठा हुशार पोर. एका दुपारी बावीस फुलं!”

“आजोबा, या वयात फटके खायची हौस आलीय का? परदेश्याला भाषा शिकवताय!”

“भाषा कुठे? नुसती नावं आहेत ती.”

आ-कुकने पोराचा कान धरला, जसा स्वतःच्या पोरांचा धरायची तसा, आणि त्याला धक्क्यापर्यंत ओढत आणलं. वाटेत तो दिसेल त्या झाडाचं नाव आनंदाने घेत होता.

मग मात्र पाहुण्यांनीही बाह्या सरसावल्या. कोणी जादा वल्हं घेतलं, कोणी फळकूट. होडी वेडीवाकडी, पण सुसाट निघाली. नाका आला तेव्हा सूर्याची नखाएवढी कड उरली होती.

कारकून खिडकीतून डोकावला आणि टोप्या नाही, माणसं मोजू लागला. दहा भरले. आ-कुकचा श्वास सुटणार, तोच तांबड्याला कारकुनाच्या खिडकीत नरगिसाची फुलं दिसली. त्याने बोट दाखवलं आणि स्वच्छ कॅंटनी बोलीत त्यांचं नाव घेतलं.

आ-कुकने शेजारच्या झाडाचं संत्रं तोडून सालीसकट त्याच्या तोंडात कोंबलं.

“काय बोलला हा?” कारकुनाने भुवया उंचावल्या.

“शिंकला, साहेब,” माक म्हणाला.

“आमच्या भाषेत?”

“सर्दी इथलीच आहे ना, साहेब.”

कारकून आधी माककडे पाहत राहिला, मग त्या फुगलेल्या गालांकडे. त्याला हसू आवरेना. त्याने कागदावर शिक्का मारला. “जा. आणि त्या सर्दीला औषध द्या म्हणावं, नाहीतर पुढच्या खेपेला मी देईन.”

पुढच्या महिन्याच्या आठ तारखेला पाहुणे धक्क्यावर आले, तेव्हा आ-कुक दहा वाळके भोपळे मांडून बसली होती. चार जुने होते, दोऱ्या झिजलेले. एकेकाला पाठमोरं करून तिने भोपळा बांधला. दाढीवाले हसत होते, पण कोणी ना म्हटलं नाही. तांबड्याने भोपळ्यावर टिचकी मारली आणि नाव विचारण्यासाठी तोंड उघडलं. आ-कुकने नुसतं संत्रं दाखवलं. त्याने तोंड मिटलं.

“आता भोपळे मोजा, दुभाषीसाहेब. झाडाला बांधलेला मी ओळखते.”

माकने दहा मोजले. फळी टपाला खडखडत होती. आ-कुकने वल्हं पाण्यात घातलं, होडी भरल्यासारखी भारी लागली, तरी तिने मान उंच केलीच.

“आई, मी इथेच आहे गं!”

“ठाऊक आहे,” आ-कुक म्हणाली. “उन्हाळ्यापर्यंत बघून घेते.”