दगड हलवणारा माणूस

कसबा पेठेत शोभेचे मासे विकणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. माझ्या टाकीतला निळा सिक्लिड मासा बाकीच्यांच्या शेपट्या फाडत होता. एक मासा मरायला टेकला होता.

"ह्याला काढून टाकू का?" मी विचारलं.

"अहो, हा गेला की दुसरा दादा होईल. सगळे दगड हलवा. दादागिरी जागेवरून चालते, जुनी जागाच कुणाला सापडू देऊ नका." बोलताना तो कोपरापर्यंत हात बुडवून स्वतःच्या टाकीतले दगड फिरवतच होता.

घरी तसंच केलं. निळा गोंधळला, फाटक्या शेपटीचा मासा पुन्हा दाणे खाऊ लागला.

आमच्या संघटनेसाठी समतेवर मी इतकी पत्रकं लिहिली, कुणी जागचं हललं नाही. त्या ओल्या हाताचा मला भयंकर हेवा वाटला. हेव्यापोटीच संघटनेच्या पुढच्या बैठकीत मी सगळ्यांच्या ठरलेल्या खुर्च्या हलवल्या. माझ्या नेहमीच्या मधल्या जागी दुसरं कुणी बसलं, तेव्हा पहिला मीच चिडलो.