मुकाईची मुकी ओटी

मुरबे गावच्या वत्सलाचा आवाज आधी येतो, वत्सला मागाहून येते. तीस वर्षं बोईसरच्या बाजारात पाटी मांडून मासळी विकायची तर तोंड लागतंच, पण वत्सलाचं तोंड बाजार उठल्यावरही मिटत नसे. गिऱ्हाईक कोलंबीला वाकलं, की कोलंबीबरोबर त्याच्या घरादाराची चौकशी, सुनेला दोन सल्ले आणि कालवणात चिंच किती घालायची ते फुकट. कंपनीतले कामगार आले, की हीच गंगा हिंदीत वाहायची: "अरे भैया, ताजा हाय, कल्ला देख ना!" नवरा दामू बोटीवरचा माणूस. हा समुद्रावर मासे धरायला जात नाही, कानांना आराम द्यायला जातो, असं गावात म्हणत.

अशा बाईनं देवीला नवस बोलावा, आणि तोही न बोलण्याचा! आता याला काय म्हणावं?

झालं असं, की वैशाखात दामूला लकवा आला. हातपाय वाचले, काठी धरून का होईना चालू लागले, पण वाचा गेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधी किती बोलायचे?"

"फार नाय," वत्सला म्हणाली. "त्यांना वेळच मिळायचा नाय."

मग दवाखान्याच्या पायरीवर येऊन तिनं डोळे मिटले, हात जोडले. "आई मुकाई, यांना वाचा दे. माज्या उंबऱ्यापासून तुज्या पायापर्यंत मुकी येईन, तुजी ओटी भरीन."

शेजारी उभी असलेली सून हिमानी घाबरलीच. "आई, कोंबडा बोला ना! बोकड बोला! हे कसं जमायचं?"

पण बोललेला नवस म्हणजे काही मासळीचा भाव नव्हे, गिऱ्हाईक बघून खाली आणायला.

मुकाईचं देऊळ बोईसरच्या पूर्वेला टेकडीवर आहे. काळ्या दगडाचा गाभारा आणि आत शेंदूर माखलेली शिळा, तिला डोळे आहेत पण तोंड नाही. किती जुनं, ते पुजारी नवशालाही सांगता येत नाही. "माज्या आज्याचा आजा हितं दिवा लावी," एवढं तो सांगतो. मुकी ओटी ही तिथली रीत. घरचा उंबरा ओलांडताना बाईनं तोंड मिटायचं, ते ओटी देवीपुढे ठेवून घंटा वाजेपर्यंत. मधे एक शब्द सांडला, की आल्या पावली माघारी. मग पुढच्या मंगळवारी पुन्हा उंबऱ्यापासून.

डॉक्टरीणबाईंनी औषधही सांगितलं होतं: यांच्याशी सतत बोला. हे काही वत्सलाला शिकवावं लागलं नाही. एकोणीस दिवस ती दामूच्या उशाशी बसून बोलली. गावातली लग्नं झाली, भांडणं झाली, मेलेली माणसंही पुन्हा एकदा मारून झाली. विसाव्या दिवशी मात्र विषयच संपले. ती गुडघ्यावर हनुवटी टेकून गप्प बसली, आणि नेमके तेव्हाच दामूचे ओठ हलले.

"गप," दामू म्हणाला.

वत्सला धावत गल्लीत. "ऐकलाव का गो? माजा नवरा मला गप म्हनला!" ती रडत होती, हसत होती, दिसेल त्याच्या हातावर साखर ठेवत होती. गाव नुसतं हसून लोळलं. काय ही बाई, गप्प बसली होती तरी नवरा गप म्हणाला! वत्सलाही त्यांच्याबरोबर हसली. पण आत कुठंतरी मासळीचा काटा अडकल्यासारखं झालं तिला. बत्तीस वर्षांच्या संसारात माणसानं पोटात ठेवलं ते हेच का?

दामू हळूहळू बोलू लागला, पण शब्द मधेच अडके. अडकला, की वत्सलाच्या छातीत धस्स होई. नवस फिटला नाही, देवी दिलेली वाचा परत घेणार!

पहिल्या मंगळवारी ती बोईसरच्या बाजारापर्यंत मुकी गेली. तिथं सुजीत नावाचा व्यापारी बर्फातली पापलेटं पुढं करून ओरडत होता, "आजची हाय, आजची!" वत्सलानं ओठ चावले, मान फिरवली, चार पावलं गेलीसुद्धा. पाचव्या पावलाला वळली. "आजची? अरे, गेल्या अमावास्येची हाय ती! कल्ले बघ मेल्या!" संपलं. आल्या पावली माघारी.

दुसऱ्या मंगळवारी तिनं बाजार टाळून वाट वाकडी केली आणि थेट देवळाच्या शेवटच्या पायरीवर पोचली. तेवढ्यात कमरेचा मोबाईल वाजला. "हॅलो," वत्सला म्हणाली.

नवशानं घंटेकडे उचललेला हात खाली घेतला.

"हॅलो हा काय शबूद हाय का?" वत्सला भांडायला लागली. "तो मराठी तरी हाय का?"

"देवी काय मराठीतलाच ऐकते?" नवशा म्हणाला.

तिसऱ्या मंगळवारी दामू काठी घेऊन उंबऱ्याशी उभा राहिला. "मी येतो. तुज्या वाटचा मी... बोलतो."

मोबाईल घरी राहिला. वत्सलानं पदराचं टोक दातांत धरलं. रिक्षावाल्याला कुठं जायचं ते दामूनं सांगितलं. बाजारात सुजीत दात काढत म्हणाला, "काय मावशी, आज भाव नाय करीत?" तेव्हा दामूनं काठी उचलून त्याच्या पापलेटांकडे रोखली. "शि... शिळी," म्हणाला. एकच शब्द, पण अख्ख्या बाजारानं ऐकला. वत्सलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

टेकडीच्या पायऱ्या सुरू झाल्या आणि दामूला कोण जाणे काय सुचलं. दम खायला बसला आणि म्हणाला, "तुला एक सांगायचा राहिला. मी तुला आदीच बगितलेली. बगायला यायच्या आदी."

वत्सला गर्रकन वळली. लग्न तिच्या नरहरीमामानं जमवलं होतं, ही बत्तीस वर्षांची पक्की गोष्ट!

"चिंचनीच्या बाजारात," दामू एकेक शब्द ओढून काढत होता. "कोनीतरी एका म्हातारीला सुकट कमी तोलून दिली. तू त्याच्याशी भांडत व्हतीस. म्हातारी कदीच निगून गेली, तू भांडतच व्हतीस." तो हसला. "मी घरी आलो. आयेला सांगितला, आये..."

आणि शब्द अडकला. दामूनं मान हलवली, काठी टेकून उठला आणि चालू लागला.

अरे देवा! पुढच्या साठ पायऱ्या वत्सला कशी चढली ते तिचं तिला ठाऊक. 'मग?' एवढंच विचारायचं होतं. एक शब्द! तो जिभेवर बसून दातांवर धडका देत होता. सुजीतची पापलेटं यापुढे काहीच नव्हती. तिनं पदर तोंडात कोंबला तो निम्मा आत गेला.

नवशाला त्या दिवशीच सगळं सावकाश सुचत होतं. आधी दिवा. मग वात पुढं केली. मग तेल कमी वाटलं. "ओटी कोनाची?" त्यानं विचारलं.

"वत्सलाची," दामू म्हणाला. अजिबात न अडखळता.

वत्सलानं खण, नारळ, तांदूळ, बांगड्या देवीपुढे ठेवल्या. तिनं डोकं टेकलं. बिनतोंडाची मुकाई डोळे उघडे ठेवून बघत होती. नवशानं घंटा वाजवली आणि दोन पावलं मागं सरकला. तीन मंगळवारांचं साठलेलं आता फुटणार!

"मग?" वत्सला ओरडली. "आयेला काय सांगितलाव?"

दामू पायरीवर बसला. बराच वेळ त्याचे ओठ नुसतेच हलत राहिले. "सांगितला, बाबा बुडाले तवापासून आपल्या घरात कोनी बोलत नाय. ती बोलनारी आन."

वत्सला मटकन त्याच्याशेजारी बसली. मग तो काटा आठवला आणि ती भडकली. "तर मग मला गप कशाला म्हनलाव? अख्ख्या गावात हसा झाला माजा!"

"गप नाय गो," दामू वैतागला. "तू बसलीस तोंड मिटून. मला भ्या वाटला. गप्पा म्हनायचा व्हता. गप्पा मार. निम्माच शबूद आला."

त्यावर वत्सला पहिल्या पायरीपासून बोलायला लागली, ती मुरब्यात उंबऱ्याशी चपला काढेपर्यंत. दामू मधे मधे "हं" म्हणत होता.