निंबाखालची जागा

रोहण्याची तानाबाई स्वतः बंडी हाकायची. नवरा चिंधू माणूस भला, पण चाकांचा आवाज सुरू झाला की त्याला झोप लागे. एकदा तो असाच झोपेत बैलांसकट भलत्याच गावी पोचला, तेव्हापासून कासरा बाईच्या हाती आला तो आलाच. छप्पन साली दीक्षेला नागपूरला गेली तीही अशीच, मोहल्ल्यातल्या बायका बंडीत घालून. जाऊन परत येईपर्यंत कोणाला कासऱ्याला हात लावू दिला नाही.

दर बाजाराला ती वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन आर्वीला यायची. भाजी विकायला जागा मिळे, पण बंडी कुठं सोडावी हा घोर. दुकानापुढं सोडली की दुकानदार ओरडे, पिंपळाखाली सोडली की रसवंतीवाला. "सरकव वो बाई बंडी" ऐकून तिचे कान किटले. शेवटी तिनं मोटारस्टँडच्या वळणावर, निंबाच्या गार सावलीत बैल सोडले. दुपारपर्यंत कोणी चकार शब्द काढला नाही. मग म्युनिसिपल कमिटीचा शिपाई बंडूजी आला. तो बोलला थोडं आणि त्यानं लिहिलं पुष्कळ.

"सोमवारी कोर्टात येजो," चलान हातात देत तो म्हणाला.

सोमवारी कोर्टात ही गर्दी. खुर्चीवर मॅजिस्ट्रेट महादेवराव, खाली कारकून नरहर. नरहर एका दमात सगळं वाचून मोकळा होई. तिला ऐकू आलं ते एवढंच: "तानाबाई... बंडी... मोटारस्टँड, निंबाखाली. कबूल?"

जागा कबूल आहे का, असंच विचारत असणार. "कबूल हाये, साहेब," ती खुशीत म्हणाली.

दोन रुपये. जरा महाग वाटले, पण सावलीची जागा होती. तिनं पैसे मोजले नि पावती घेतली. बाजारात बैठकीचे पैसे भरले की अशीच पावती मिळे, आणि मग दिवसभर कोणी उठवत नसे. हिच्यावरही तसाच जांभळा शिक्का होता. घरी येताना तिनं गूळ आणला आणि शिरा केला.

"नावानं जागा भेटली आपल्याले," तिनं चिंधूला सांगितलं.

शेजारच्या जिजाबाईनं शंका काढली, "किती दिवसाची वो?"

"मुदत काही सांगतली नाई सायबानं. म्हंजे कायमचीच."

पुढच्या बाजाराला निंबाखाली बाबाराव मालगुजारांची दमणी, बसायची हलकी बैलगाडी, उभी. तानाबाईनं पदर खोचला. "दमणी काढा मालक, जागा माही हाये." आणि पावती त्यांच्या नाकापुढं धरली. बाबारावांनी चष्मा आणला नव्हता. शिक्का पाहून ते गडबडले आणि मुकाट्यानं दमणी हलवली. तानाबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिनं जागा झाडली, बैलांना कडबा टाकला.

इतक्यात वर्ध्याची मोटार वळणावर अडली. ड्रायव्हरनं भोंग्यावरचा हात काढला नाही. बंडूजी धावत आला.

"हे काय करून राह्यली तू?"

"पैसे भरले न बापा."

"अवो तो दंड होता!"

"असंन. दंड म्हना का भाडं म्हना, देल्ला न?"

बंडूजीनं कपाळाला हात लावला, आणि दुसरं चलान लिहिलं.

या वेळी महादेवरावांनी स्वतः समजावलं. "बाई, दंड म्हणजे शिक्षा. तिथं मोटारी वळतात, म्हणून बंडी लावायची नसते. पैसे भरून जागा विकत मिळत नाही."

तानाबाईनं जुनी पावती उलटसुलट करून पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावानं जागा मिळाली होती, आणि ती शिक्षा निघाली. "शिक्षा?" ती हळूच म्हणाली, "साहेब, म्या तर घरी जाऊन शिरा केलता."

कोर्ट हसलं. महादेवरावांनी रुमाल तोंडाला लावला.

"मंग बंडी सोडाची कुठं?" तिनं विचारलं.

"कापसाच्या जिनामागं मैदान हाये न," बंडूजी म्हणाला.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तू कधी विचारलं?"

दंड पुन्हा भरावाच लागला. तिनं वाकडं तोंड करत नाणी टेबलावर आपटली, तेव्हा महादेवराव म्हणाले, "हां, आता झाली शिक्षा."

जिनामागचं मैदान उन्हातलं, काटेरी. पहिल्या दिवशी तिनं तणतणत काटे उपटले. पण तिथं कोणाची कटकट नव्हती. हळूहळू इतर बंड्याही येऊ लागल्या, आणि बैलांची तोंडं कुठं, चाकं कुठं, हे तानाबाई सांगू लागली. दुपारी बंडूजी तिच्या बंडीच्या सावलीत टेकायचा. ती त्याला भाकर-ठेचा द्यायची, आणि दोघं मिळून त्या मोटारीच्या ड्रायव्हरला नावं ठेवायची.