कादंबरीवर भाजलेल्या भाकऱ्या

माझ्या पहिल्या कादंबरीवर आईनं तीन भाकऱ्या भाजल्या, आणि तिन्ही उत्तम फुगल्या.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा मी शिरूरला एका कचेरीत कारकून होतो आणि मनातून थोर कादंबरीकार होतो. (ही दुसरी नेमणूक माझी मीच केलेली.) अशात पुण्याची चार-पाच पोरं पदरमोड करून सिनेमा काढायला आमच्या तळेगाव ढमढेऱ्यात आली. सिनेमा कशावर? तर लेखक व्हायच्या नादानं वेडा झालेल्या एका खेडवळ माणसावर! मला वाटलं, देवानंच धाडलीत.

"घर आमचं घ्या, चूल आमची घ्या, भाडं नको," मी दिग्दर्शकाला म्हणालो. "फक्त माझी कादंबरी तेवढी वाचा."

"ठेवा की तिथं. आजचं शूटिंग आटपलं की वाचतो."

'तिथं' म्हणजे चुलीशेजारच्या कोनाड्यात. दुसरी प्रत नव्हती. कित्येक वर्षांचं लेखन मी तिथं हळुवार ठेवलं.

प्रसंग असा, की हीरोची कादंबरी प्रकाशकानं नाकारलीय आणि तो चुलीपुढं बसून रडतो. मागं त्याची आई भाकरी थापते; त्या जागी आमच्या आईलाच बसवलं होतं. दिग्दर्शकानं बजावलं, "रीळ थोडंच उरलंय. कुणी आवाज केला तर वाया जाईल. मावशी, तुम्हीपण बोलायचं नाही."

हीरो रडायला लागला आणि माझ्या अंगावर काटा आला! मघाशी ओट्यावर बिड्या ओढत बसलेला तो हाच? माझंच दुःख हा माणूस माझ्यापेक्षा चांगलं रडत होता! आईला काही राहवेना.

"आरं लेकरा, त्येवढ्यापायी रडत्यात व्हय? आमचा बी लिहितोय. त्येचं बी कुणी छापत न्हाई. पर जेवतोय की दोन टाइम!"

दिग्दर्शकानं 'चालू ठेवा' अशी खूण केली. तेवढ्यात चूल विझली. पाहुणा रडतोय, उपाशी आहे, आणि चूल विझलेली! आईनं न बघताच कोनाड्यात हात घातला.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि रीळ आठवून मिटलं. पहिलं प्रकरण पेटलं आणि हीरोचा चेहरा असा उजळला, की मी बघतच राहिलो. माझी नायिका क्षयानं मरत होती तेव्हा तवा तापला. शेवटच्या प्रकरणावर तिसरी भाकरी टम्म फुगली. डोळे हटत नव्हते. खरं सांगतो, इतकं सुंदर मी कधी पाहिलं नव्हतं. लिहिणं तर लांबच.

"कट!" दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी. "मावशी, काय पेटवलंत हो?"

"आमच्या पोराची कादंबरी. चांगली वाळली व्हती."

तो पांढराफटक पडला. मीच हात जोडले, "साहेब, अप्रतिम!"

"अजून एका टेकपुरतं रीळ आहे. पुन्हा एकदा घेता आलं असतं तर..." तो चाचरत म्हणाला, "पण आता कागद..."

"त्येच्या कविता हायेत की माळ्यावर!" आई म्हणाली.

आणि मी, भारावलेला माणूस, स्वतः शिडी लावून गठ्ठा खाली उतरवला!

पुढं यवतला तंबूत सिनेमा लागला. आम्ही सगळे एसटीनं गेलो. पडद्यावर आई दिसली. बायका पदरानं डोळे पुसू लागल्या. आईनं लाजून मलाच चिमटा काढला. माझा ऊर भरून आला होता, पण मी जाळाकडं निरखून बघत होतो. न राहवून शेजारी बसलेल्या दिग्दर्शकाला विचारलं, "साहेब, ही कादंबरी जळतीय का कविता?"

"कविता," तो ओशाळून म्हणाला. "पहिला टेक नाही ठेवला. जरा लांबला होता हो!"

म्हणजे जळूनसुद्धा माझी कादंबरी साभार परत!