बिजलीचे टाके

गणेशवाडीच्या फुलबाजारात ठमाबाईंच्या झेंडूला ओळख आहे. दुसऱ्याचा माल दहा वाजता मान टाकतो. ठमाबाईंचा दुपारपर्यंत तसाच. व्यापारी क्रेटमध्ये हातही घालून बघत नाहीत. "मखमलाबादची मावशी ना? ठेवा तिकडं."

यात गुपित काही नाही. फूल तोडलं की सावलीत. वर ओलं गोणपाट. गोणपाट सुकत आलं की पुन्हा पाण्याचा हबका. सासूनं शिकवलं ते एवढंच, आणि चाळीस वर्षं हात तेच करत आले. विचार करावा लागत नाही.

होळीनंतर आठव्या दिवशी कोंडाजी गेले, ठमाबाईंचे मालक. शेतातच, झेंडूच्या बांधावर. ठमाबाई रडल्या नाहीत. दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. कळवणहून आलेली नणंद चार बायकांसमोर म्हणाली, "दगड झालीस का गं तू?" ठमाबाईंनी तिला चहा ठेवू का विचारलं.

पुढे महिना असाच गेला. त्या उठत. तोडणी करत. ताटात पडेल ते जेवत. कोणी काही विचारलं तर उत्तर देत, नाही विचारलं तर देत नसत.

बिजलीनं खाणं सोडलं ते याच दिवसांत. बिजली ही कोंडाजींची कुत्री. तांबूस, गावठी, नऊ वर्षांची. त्यांच्यामागून वाफ्यावाफ्यानं फिरायची, पण एक रोप कधी तुडवलं नाही. आता ती बांधावर पडून राही. भाकरी टाकली तर वास घेई आणि तोंड फिरवी. शेजारचा सोमा म्हणाला, "मुकं जनावर हे, पण माणसाच्या वर दुःख करतंय." बोलताना त्यानं ठमाबाईंकडं बघितलं. सगळ्या वस्तीला हे पटलं. कुत्री दुःखानं खात नाही.

कुत्रीच्या गर्भाशयात पू झाला होता.

हे गंगापूर रोडच्या दवाखान्यात कळलं. मुलगा महेश आणि ठमाबाई तिला टेंपोत घालून घेऊन गेले, कारण पोट फुगलं होतं आणि मागून घाण यायला लागली होती. डॉक्टर मृण्मयी वयानं लहान होत्या. त्यांनी पोटावर हात ठेवला, मशीन लावलं आणि म्हणाल्या, "आजच ऑपरेशन. उद्या नाही."

संध्याकाळी बिजली हातात मिळाली तेव्हा तिची जीभ एका बाजूला लोंबत होती. पोटावर वीतभर शिवण होती. डॉक्टरांनी सांगितलं, महेशनं लिहून घेतलं. आज अंगावर पांघरूण, भूल उतरताना थंडी वाजते. उद्यापासून थोडं थोडं खाणं. उडी नाही, पायरी नाही. बाहेर नेलं तरी दोरी लावून, लगेच परत. गळ्यातलं प्लास्टिकचं नसराळं काढायचं नाही, नाहीतर चाटून टाके उसवेल.

"आणि कोरडं ठेवायचं," त्या म्हणाल्या. "आजी, तुम्ही बघणार ना हिचं? एक लक्षात ठेवा. ही फार खचलीये. आजची भूल कशीबशी सोसली. टाके उसवले तर पुन्हा भूल देऊन शिवणं मला जमणार नाही. दहा दिवस सांभाळा."

"हं," ठमाबाई म्हणाल्या.

त्यांनी बिजलीला घराच्या पडवीत घेतलं. खाली फरशी गार, म्हणून आधी पोतं, त्यावर गोधडी. पाण्याचं भांडं विटेवर ठेवलं, म्हणजे नसराळं न अडता तोंड पोचेल. गोळी भाकरीत दिली तर बिजली भाकरी खाऊन गोळी नेमकी बाहेर टाकी. मग ठमाबाईंनी ती गुळात दाबली. गेली.

सोमा बघायला आला. "वहिनी, हिला कर्णा लावला का? आता गावात दवंडी देती का काय!"

"दे म्हणावं," ठमाबाई म्हणाल्या.

सून रूपाली आतून हसली. घरात कोणी हसल्याला बरेच दिवस झाले होते.

तिसऱ्या दिवशी बिजलीनं दूधभात पुरता खाल्ला. चौथ्या दिवशी शेपटी हलवली. ऊन मात्र त्या आठवड्यात भाजून काढत होतं. पडवीवर पत्रा. दुपारी वीज गेली की पंखा बंद. बिजली धापा टाकायची, जीभ हातभर बाहेर. ठमाबाई बाजूला बसून होत्या. त्यांना ती धाप बघवेना.

त्या उठल्या. हौदात गोणपाट बुडवलं, पिळलं, बिजलीच्या अंगावर टाकलं. मानेपासून शेपटीपर्यंत, नीट, कडा दाबून. धाप कमी झाली. डोळे मिटले. गोणपाट सुकत आलं तसा त्यांनी हबका मारला.

दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही.

सातव्या दिवशी सकाळी रूपाली केर काढताना थांबली. "आई, वास कसला येतोय?"

शिवणीच्या खालच्या टोकाला चार टाके सुटले होते. कडा पांढऱ्या, मऊ पडलेल्या. मधून पिवळं पाणी.

दवाखान्यात डॉक्टरांनी हातमोजे घालून कडा दाबली. बिजली कण्हली. "हे भिजलंय," त्या म्हणाल्या. "एकदा नाही. सारखं भिजलंय. कोणी केलं?"

महेश म्हणाला, "आम्ही तर अंघोळ बी नाय घातली मॅडम."

"मी केलं," ठमाबाई म्हणाल्या. "गोणपाट भिजवून टाकत व्हते. तिला उकडत व्हतं."

"अहो आजी, मी सांगितलं होतं ना, कोरडं म्हणून!"

"सांगितलं व्हतं."

डॉक्टर पुढे काही बोलणार होत्या. ठमाबाई टेबलाच्या कडेला बघत होत्या. त्या बोलत राहिल्या, भाजीचा भाव सांगावा तशा.

"मालकावर बी असंच टाकलं व्हतं. गरगरतंय म्हणले. मला वाटलं ऊन लागलं. बांधावर सावलीत निजवलं, ओलं गोणपाट टाकलं. मी म्हणलं, पडा जरा. माझे तीन क्रेट भरायचे व्हते. ते भरले. अर्धा तास गेला आसल. येऊन बघितलं तर गोणपाट ओलंच व्हतं."

पंखा फिरत होता. महेश आईकडं बघत होता. त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं की बाप जागच्या जागी गेला. अर्ध्या तासाचं कोणी बोललं नव्हतं. ठाऊकच नव्हतं कोणाला.

डॉक्टरांनी हातमोजे काढले. बराच वेळ हात धुतले. मग म्हणाल्या, "आतली शिवण अजून धरून आहे. वरची सुटलीये. ती मी शिवणार नाही. उघडीच ठेवायची, दिवसातून दोनदा धुऊन औषध, आणि पूर्ण कोरडी. आतून भरत आली तर वाचेल. घाण आत उतरली तर नाही. एक थेंब पाणी लागता कामा नये. एक माशी बसता कामा नये."

घरी जाताना ठमाबाई टेंपोत मागं, बिजलीच्या डोक्याशी बसल्या.

त्या दिवसापासून ठमाबाई तोडणीला गेल्या नाहीत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. झेंडू रूपाली आणि मजुरीच्या दोन बायांनी तोडला. दोन दिवसांत बाजारातून निरोप आला, माल मऊ येतोय. ठमाबाईंनी ऐकलं. उठल्या नाहीत. त्या पडवीत पुठ्ठ्यानं वारा घालत बसल्या. एक हात दुखला की दुसरा. बिजली कूस बदलायला लागली की पोटाखाली हात देऊन वळवायच्या. माशी आली की उठायच्या. पाणी प्यायल्यावर बिजलीची हनुवटी गळे, ती सुद्धा पुसून काढायच्या, थेंब खाली जाऊ नये म्हणून. जखम धुताना बिजली त्यांच्या मनगटावर दात टेकवी. चावत नसे. नुसते टेकवी.

महेश येई-जाई. औषध आणून ठेवी. पंख्याला बॅटरी जोडून दिली. आईशी शब्द नाही.

रूपाली स्वयंपाकघरात म्हणाली, "बोला की त्यांच्याशी काहीतरी. चार दिवस झाले."

"काय बोलू?"

"काही बी."

"नाय सुचत."

पडवीत हे सगळं ऐकू येत होतं. ठमाबाई वारा घालत राहिल्या. पोराचं चुकलं असं त्यांना वाटलं नाही. त्याचं बरोबर आहे असंही वाटलं नाही. काहीच वाटत नव्हतं. एवढं मात्र कळत होतं की ही कुत्री मेली, तर आपल्या हातांनी दोन मेले. मग हे हात कशाला लावायचे, भाकरीला की फुलाला, ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

टाके सुटल्यापासून दहाव्या दिवशी जखमेच्या तळाला लाल दाणे दिसले. ठमाबाई घाबरल्या. मोबाइलवर फोटो काढून रूपालीनं तो पाठवला. डॉक्टरांचा फोन आला. "चांगलं आहे हो आजी. मांस भरतंय. असंच चालू द्या."

ठमाबाईंनी फोन रूपालीला परत दिला. पुठ्ठा उचलला.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात महेश दोघींना पुन्हा गंगापूर रोडला घेऊन गेला. डॉक्टरांनी उरलेले टाके कापले. जिथं उसवलं होतं तिथं गुलाबी, जाडसर वण होता. त्यांनी तो दाबून बघितला, बोट कोरडं आलं. नसराळं काढून टेबलावर ठेवलं. बिजलीनं आधी कान झाडले, मग स्वतःच्या पंजाचा वास घेतला. फार दिवसांनी.

"वाचली," डॉक्टर म्हणाल्या. "अजून आठवडाभर उडी मारू देऊ नका."

बाहेर ऊन होतं. बिजली स्वतःच्या पायांनी चालत टेंपोपर्यंत आली. मागचं फळकं उघडं होतं. ती त्याच्यापाशी थांबली, वर बघितलं, पुढचे पाय उचलू लागली. महेशनं पट्टा धरून अडवलं. तो वाकला. मग तसाच थांबला आणि बाजूला झाला.

"तू घे," तो म्हणाला.

ठमाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"आई, तू उचल तिला. मला नीट येत नाय. तिला दुखंल."

दवाखान्याच्या दारात ठेवलेली चप्पल घालायची राहिली होती. पायांना चटके बसत होते. ठमाबाईंनी एक हात छातीखाली घातला, एक मांड्यांच्या मागून. वणाला हात लागू दिला नाही. बिजलीनं अंग सैल सोडलं, होतं नव्हतं तेवढं वजन त्यांच्यावर टाकलं.

त्यांनी तिला उचललं.