हिरवा ऑइलपेंट

हॉटेलच्या भिंतीवर टांगायला जुन्या सायकली हव्यात म्हणून आलेल्या पोराने माझ्या अंगणात पिवळ्या ऑइलपेंटचा डबा उघडला. "काका, सगळ्या पिवळ्या मारू. एकदम भारी दिसतील." त्या वासासरशी माझं डोकंच फिरलं.

ऐंशीच्या सुमाराला, दसऱ्याच्या सकाळी, घणसोलीतल्या आमच्या घरात हाच वास भरला होता. बाबांची सायकल विलायती, काळी, मडगार्डवर केसाएवढी बारीक सोनेरी रेघ. नव्या शहरासाठी सरकारने जमीन घेतल्यावर ते तिच्यावरूनच महाप्याला वॉचमनच्या ड्युटीवर जायचे. पूजेआधी ती नवी दिसावी म्हणून मी दाराचा उरलेला हिरवा रंग तिला फासला. बाबा झेंडूचा हार घेऊन आले आणि जागच्या जागी थांबले.

"नवी पायजे व्हती तं नवी आनायची. हिला कशाला पुसलीस?"

हार मात्र त्यांनी घातला. मलाच राग आला. एवढं राबलो, त्याचं कौतुक नाही!

आता या सायकलींची कदर असणारे उरलेत कुठे? माझ्यासारख्याच जुन्या सायकली जमवणाऱ्या एका दोस्ताचे गुडघे गेले. दुसऱ्याच्या मुलांनी तेरावं होताच भंगारवाला बोलावला. आणि माझ्या अकरा सायकली या टोणग्याच्या भिंतीवर लटकणार?

"डबा उचल!" मी ओरडलो. "नवी पायजे तर नवी आन. यांना हात लावलास तर बघ!"

पोराने झाकण लावलं. जाता जाता त्याने बाबांच्या सायकलीकडे बोट दाखवलं.

"मग काका, हिला हा हिरवा रंग कोणी फासला?"